दस्तगीरचाचाचं सूत

“कापल्यालं लोखंड वाढत न्हाय, बाबा!”

हे दस्तगीर शिकलगाराचं कायमचं बोलणं. लोखंडापुढं उभा असला तर बोलायचाच, पण नसला तरी बोलायचा. शिंप्याकडं सदऱ्याचं कापड टाकलं की पहिलं वाक्य हेच. शिंपी म्हणायचा, “चाचा, हे कापड हाय.” चाचा म्हणायचा, “मग तर लैच जपून काप.” न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी तेच. न्हावी म्हणायचा, “चाचा, क्यास वाढत्यात की!” चाचा आरशात बघून म्हणायचा, “माझ्या वयाचं क्यास आन् लोखंड एकच. चालीव बेतानं.” एकदा मेव्हण्याच्या घरी ठरलेली सोयरीक मोडायला आली होती. दोन्हीकडची माणसं चपला शोधत होती. चाचा मध्ये उभा राहिला आणि तेवढं एकच वाक्य बोलला. सोयरीक टिकली. आता त्या पोरांना पोरं झाली. पण लोखंडाचा आणि त्या लग्नाचा काय संबंध, हे मंगळवार पेठेत अजून कोणाला उलगडलेलं नाही.

दस्तगीर मंगळवार पेठेतला. जात शिकलगाराची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. त्याच्या पणज्यानं सरकारी तलवारी घासल्या, असं तो सांगायचा. किती घासल्या, ते मात्र सणागणिक बदलायचं. ईदेला शंभर असल्या तर दसऱ्यापर्यंत दोनशे व्हायच्या. कापलेलं लोखंड वाढत नसेल, पण घासलेलं लोखंड चाचाच्या तोंडात चांगलं वाढायचं. त्याची बायको जुलेखा आतून ओरडायची, “आवो, तेवढ्या तलवारी गावात हुत्या तरी का?” मग चाचा आवाज खाली आणायचा, आकडा नाही.

कामाला तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, बाळासो चौगुल्यांच्या शेडमध्ये. पत्र्याची उंच शेड, डोक्यावर फिरती क्रेन, खाली लोखंडाच्या प्लेटांची थप्पी. थोरल्या मालकांच्या, म्हणजे बाळासोंच्या वडलांच्या काळापासून चाचा तिथं गॅस कटर. हातात गॅसच्या ज्योतीचा टॉर्च, डोळ्यावर काळा चष्मा, सदऱ्यावर ठिणग्यांनी पाडलेली भोकं. त्या भोकांवरून म्हणे तो ओळखायचा, कोणती ठिणगी साखर कारखान्याच्या कामाची आणि कोणती ट्रॉलीच्या चेसीची. जुलेखानं नवा सदरा शिवून दिला की पहिल्या आठवड्यात त्यालाही भोकं. “ह्याला आता माझी वळख पटली,” असं म्हणायचा.

त्याची कापायची रीत ठरलेली. आधी काटकोनाचा गुण्या लावायचा, मग खडूची रेघ, मग रेघेवर पंच ठोकून ठिपके, आणि मग टॉर्च पेटवायचा. टॉर्च मात्र रेघेवरून न जाता रेघेच्या बाहेरून, एक सूत सोडून जायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, ज्वारीच्या दाण्याएवढा. चारी बाजूंनी एकेक सूत जास्त. का? तर कापलेलं लोखंड वाढत नाही. जास्त झालं तर घासता येईल, कमी पडलं तर काय जोडणार?

आता गंमत अशी, की एवढं वाढवून कापूनसुद्धा चाचाचा तुकडा जागेवर नेला की नेमका बसायचा. घासावा लागायचा नाही. “दस्तगीरच्या कापाला ग्रँडर लागत न्हाय,” हे तो साऱ्या शिरोलीला ऐकवायचा. वाढवलेला तुकडा न घासता कसा बसतो, हे त्याला कोणी विचारायचं नाही. त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. माणसाला आपल्या मोठेपणाचा हिशेब तपासायची घाई नसते.

अशा त्या शेडमध्ये लेसरचं मशीन आलं.

ते ट्रेलरवरून उतरवलं तेव्हा आजूबाजूच्या शेडमधली माणसं बघायला आली. बैलगाडीएवढं नव्हे, बैलगाडीच्या वरातीएवढं. चहूबाजूंनी बंद, काळपट हिरव्या काचा, थंड हवेची वेगळी सोय. आत एक डोकं प्लेटेवरून सरकतं, त्यातून डोळ्याला न दिसणारा किरण निघतो, आणि अंगठ्याएवढ्या जाडीची प्लेट गुळाच्या ढेपेतून तार जावी तशी कापली जाते. ना खडू, ना पंच. बाळासो मालकानं मोठी उडी घेतली होती. कोकणात खाडीकाठी जहाजं बांधणारा एक कारखाना होता, त्याचं काम त्याला मिळवायचं होतं. ज्या मुलखातली सगळ्यात मोठी होडी नृसिंहवाडीच्या घाटावर भाविकांना पल्याड नेते, त्या मुलखात जहाजाचं लोखंड कापायचं!

चाचानं मशीनभोवती एक फेरी मारली. काचेतून आत डोकावला. “गार वाऱ्यात बसती, काचंच्या आड ऱ्हाती, कुणाला हात लावू देत न्हाय,” तो म्हणाला. “ही तर कलेक्टरीणबाई हाय!” त्या दिवसापासून मशीनचं नाव कलेक्टरीण. मालकसुद्धा फोनवर म्हणायला लागला, “कलेक्टरीण चालू हाय, पाठवा प्लेटा.”

कलेक्टरीण चालवायला आली रूपाली कांबळे. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका गावची. आई-बाप भाताच्या रानात राबणारे. पोरीनं शिष्यवृत्तीवर डिप्लोमा केला, पुण्याला जाऊन हे मशीन शिकली आणि शिरोलीत खोली घेऊन राहिली. गावाकडं आईनं सांगून ठेवलेलं, “आमची रूपा जहाजं कापती.” गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगी कुठंतरी जहाजं फोडायच्या धंद्यात पडली.

मालकानं तिला घेतलं खरं, पण कच्चं. “जहाजाचं पयलं काम पास हुंदे,” तो म्हणाला होता. “मग कायम करतो. न्हाय जमलं तर पुण्यासनं तयार माणूस आणावा लागंल, आधीच सांगतो.” तो सरळ बोलला, रूपालीनंही सरळ ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट, पहिलं काम पास झालं पाहिजे.

चाचानं तिची परीक्षा पहिल्याच दुपारी घेतली. डबा खाताना विचारलं, “पोरी, तुझी कलेक्टरीण किती वाढवून कापती?”

“वाढवून न्हाय कापत, चाचा. सांगू तेवढंच कापती.”

“आन् चुकीचं सांगितलं तर?”

“तर चुकीचं कापती.”

“म्हंजे अक्कल न्हाय.”

“आज्ञाधारक हाय, चाचा.”

“त्येच की गं! आज्ञाधारक माणसाला अक्कल कशाला लागती?” एवढं बोलून चाचानं तिच्या डब्यातली भाजी विचारल्याशिवाय घेतली आणि आपल्या डब्यातलं मटण तिच्या झाकणात घातलं. रूपालीला कळलं, की हे भांडण आता रोज होणार आणि रोज जेवण वाटून होणार.

तसंच झालं. चाचा येता-जाता टोचायचा. वीज गेली की, “बाईसाहेब रजेवर गेल्या काय?” मशीन सुरू व्हायला वेळ लागला की, “पावडर लावाय बसली असंल.” रूपालीही काही कमी नव्हती. चाचाचा टॉर्च फटफट करायला लागला की काचेआडून ओरडायची, “चाचा, खोकल्याचं औषध द्या त्याला!” वर क्रेनच्या केबिनमध्ये ज्ञानू बसलेला असायचा. तो दोन्ही बाजूंना हसायचा. वर बसलेल्या माणसाला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

मग जहाजाचं काम आलं. नवं जहाज नव्हे, एका जुन्या बार्जची डागडुजी. खनिज वाहणारा सपाट बुडाचा बार्ज, पोटातलं लोखंड गंजलेलं. पोटाच्या फासळ्या आणि वरचा डेक यांना जोडणारे कोनाचे तुकडे, ब्रॅकेट म्हणतात त्यांना, ते नवे करून द्यायचे होते. जुन्या जहाजाचे नकाशे कोणाकडंच नव्हते. तेव्हा बाळासो मालक स्वतः घाट उतरून गेला, बार्जच्या पोटात वाकून शिरला, जागेवर मापं घेतली आणि कंबर धरून परत आला.

दुसऱ्या दिवशी तो रूपालीच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. मोबाइलमधली टिपणं बघून एकेक माप सांगत गेला, रूपाली कॉम्प्युटरवर भरत गेली. जहाजाच्या प्लेटा साध्या नसतात. त्यांच्यावर तपासणीचा शिक्का असतो, आणि त्या शिक्क्याशिवायचं लोखंड जहाजात चालत नाही. रूपालीनं ती प्लेट हातानं पुसून घेतली. कलेक्टरीण चालू झाली. काचेआड निळसर पांढरा उजेड नाचला, आणि ब्रॅकेट असे निघाले की कडेवरून बोट फिरवलं तर रेशमाच्या काठावरून फिरवल्यासारखं वाटावं.

चाचा आला. एक ब्रॅकेट उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग काही न बोलता ब्रॅकेट ठेवून निघून गेला.

“चाचा, काय म्हणायचं न्हाय व्हय?” रूपालीनं हाक दिली.

“खोकला आलाय मला!” चाचा पाठमोराच म्हणाला. ज्ञानू वरून ओरडला, “रूपाताई, हे बक्षीस समज! थोरलं मालक गेलं त्याच्यानंतर चाचा पयल्यांदा गप बसलाय.”

माल घाट उतरून गेला. आणि चारच दिवसांत त्यातले काही ब्रॅकेट घाट चढून परत आले. सोबत फोन आला. ब्रॅकेट लहान पडले. एखादा नव्हे, सगळे. दोन्ही अंगांना एकेक सुताची फट. तेवढी फट वेल्डिंगनं भरून चालत नाही, जहाज तपासणाऱ्या सर्व्हेअरनं ते नापास केलं.

रूपालीनं टेप काढला. तिनं परत आलेले ब्रॅकेट मोजले. मग कॉम्प्युटरमधली मापं बघितली. दोन्ही तंतोतंत जुळत होती. मशीननं सांगितलं तेवढंच कापलं होतं.

“मालक, तुम्ही सांगितलेलंच माप हाय,” ती म्हणाली.

बाळासो मालकानं खिशातनं मोबाइल काढला, आपली टिपणं बघितली, आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू गरम चहा घाईत तोंडात घेतला आणि पाहुण्यांपुढं थुंकताही येईना. “मशीनचीच कायतरी गडबड असंल,” तो पुटपुटला आणि ऑफिसात जाऊन बसला.

मशीनची गडबड म्हणजे रूपालीची गडबड, हे तिला न सांगता कळलं. सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी स्वतः शेड बघायला येणार होता. काम इथंच ठेवायचं की दुसरीकडं न्यायचं, ते तो ठरवणार होता.

ज्ञानू क्रेनवरून खाली उतरला. पोरीचा रडवेला चेहरा त्याला बघवेना. “रूपाताई, तुला एक सांगतो, पण माझं नाव घेऊ नगंस. चाचा वाढवून कापतो न्हवं? मग त्याचा तुकडा बरोबर कसा बसतो?”

“कसा?”

“थोरलं मालक त्याला माप सांगतानाच एक सूत कमी करून सांगायचं. दोन्ही अंगांनी. चाचा तेवढंच वाढवून कापायचा. हिशेब सरळ! एकदा त्येंनी चाचाला समजवायला बघितलं की रेघंवरच काप. तर ह्यो दोन दिवस जेवला न्हाय. तवापासनं ही रीत पडली. बाळासो मालक त्यातच वाढला. त्येच्या तोंडातनं आता खरं माप निघतच न्हाय गं! वाचतो बारा आन् बोलतो सूतभर कमी. सगळ्या शेडला ठाव हाय. चाचाला तेवढं ठाव न्हाय.”

रूपालीला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं एक माणूस वाढवत होता, दुसरा घटवत होता, आणि दोघं मिळून बरोबर होते. मध्ये कलेक्टरीण आली, जी कोणाच्या मायेनं वाढवत नाही. आणि सगळं उघडं पडलं.

ती तडक ऑफिसात गेली. “मालक, माप बोलताना तुम्ही सूत कमी केलंसा. मला कळलंय.”

बाळासोनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. “हळू बोल. सवयीनं झालं गं. माझी चूक हाय, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण उद्या सर्व्हेअरपुढं हे बोललो, तर शेडमध्ये सगळ्यांच्या म्होरं चाचाची लाज जाईल. त्यो म्हातारा त्या एका गोष्टीवर जगतोय. ‘दस्तगीरच्या कापाला ग्रँडर लागत न्हाय.’ तेवढं काढून घेतलं तर त्याच्याकडं ऱ्हातंय काय?”

“आन् माझ्याकडं काय ऱ्हातंय?” रूपाली म्हणाली.

बाळासो वाईट माणूस नव्हता. “दुसऱ्या शेडात चिठ्ठी देतो तुला,” तो म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला. “मशीनमध्ये बिघाड हुता, एवढंच म्हणू. तुझं नाव घेत न्हाय.”

“मशीन म्हणजे मीच की, मालक.”

ती बाहेर आली. ऑफिसची भिंत पत्र्याची, आणि पत्र्याला पोटात काही ठेवता येत नाही. भिंतीला टेकून ऑक्सिजनचे सिलिंडर उभे होते, आणि सिलिंडरांमागं नळीला कापड गुंडाळत दस्तगीरचाचा बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. कापड गुंडाळून झालं होतं, तरी तो गुंडाळतच होता.

रूपालीला रात्री जेवण गेलं नाही. बोलावं तर म्हाताऱ्याच्या तोंडातला घास काढल्यासारखं, आणि गप बसावं तर आपलाच घास जाणार. चाचानं ऐकलं असेल का? किती ऐकलं? विचार करूनही तिचं काही ठरलं नाही.

सर्व्हेअर सकाळी आला. मालवणी माणूस, बारीक अंगाचा, बोलण्यात तोलून-मापून. त्यानं कलेक्टरीण बघितली, काप बघितला, मान डोलावली. “काप उत्तम आहे. मग मापात एवढा घोळ कसा झाला? आणि सगळ्या तुकड्यांत सारखाच कसा? बिघडलेलं मशीन असं शिस्तीत चुकत नाही.”

शेडमधली माणसं कामं थांबवून उभी राहिली. बाळासोनं घसा साफ केला. “त्याचं काय हाय साहेब... मशीन नवं हाय... जरा सेटिंग...”

सर्व्हेअरनं रूपालीकडं बघितलं. “मशीन तुम्ही चालवता ना?”

“व्हय,” रूपाली म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिनं चाचाकडं बघितलं. चाचा चहाचा पेला घेऊन उभा होता. तिनं वाक्य गिळलं. “मीच चालवते,” एवढंच म्हणाली.

“आरं काय खुळ्यांचा बाजार हाय ह्यो!” चाचा एवढ्या मोठ्यानं ओरडला की ज्ञानूनं वर क्रेनचा ब्रेक दाबला. “बाळासो, पावण्यांस्नी खरं सांगाय तुझं काय जातंय?”

“चाचा, तुम्ही जरा...”

“मी जरा न्हाय आन् फिरा न्हाय!” चाचानं पेला प्लेटेवर ठेवला आणि सर्व्हेअरपुढं जाऊन उभा राहिला. “पावणं, ऐका. ह्या शेडात मापं सूतभर कमी सांगायची रीत हाय. ती म्याच घातली. थोरलं मालक, म्हंजे ह्येचा बाप, डोळ्यानं अधू. टेप वाचायचं तर आकडा भलताच वाचायचं. चष्मा लावायची लाज! मी म्हटलं, मालक, तुम्ही आपलं कमी सांगत जावा, मी वाढवून कापत जातो, म्हंजे कुणाला कळायचं न्हाय. त्येंचा मान ऱ्हायला, माझं काम ऱ्हायलं. त्येच ह्यो पोरगा शिकला. आता मापं सांगतानाबी त्येच केलंन. पोरीची चूक न्हाय, आन् त्या कलेक्टरणीची तर न्हायच न्हाय. ती सांगितल्यालं ऐकती, एवढाच तिचा गुन्हा.”

सर्व्हेअर आधी चाचाकडं बघत राहिला, मग बाळासोकडं. “खरं का हे?”

बाळासोनं एकदा चाचाकडं बघितलं. चाचानं भुवया वर केल्या. “व्हय साहेब,” बाळासो म्हणाला. “आबांचे डोळे... जरा कमीच हुते.”

सर्व्हेअरला हसू आवरेना. “मी आयुष्यभर समुद्राच्या कडेला मापं घेतली. पण माप कमी सांगणारा आणि वाढवून कापणारा, असा संसार कुठं पाहिला नाही.” मग तो गंभीर झाला. “पण तुकडे लहान ते लहानच. ते काही...”

“कापल्यालं लोखंड वाढत न्हाय,” चाचानं वाक्य पुरं केलं. “त्ये मला नगा सांगू.”

आता प्रश्न उरला प्लेटेचा. शिक्क्याची एकच प्लेट शिल्लक होती, तीही अर्धी. नवी यायला महिना लागला असता आणि बार्ज तोवर थांबणार नव्हता. रूपाली कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं ब्रॅकेट उलटे केले, सुलटे केले, एकाच्या कुशीत दुसरा बसवला. लेसरचा काप नखाएवढा बारीक, त्यामुळं दोन तुकड्यांमध्ये फारशी जागा सोडावी लागत नव्हती. चाचा तिच्या खुर्चीमागं उभा राहून बघत होता.

“माझ्या टॉर्चनं ह्यात निम्मेच बसलं असतं,” तो म्हणाला. मग लगेच, “पण टॉर्च वीज गेल्यावरबी चालतोय, ध्यानात ठेव.”

“ठेवलं, चाचा.”

“आन् ह्यो कोपरा मोकळा दिसतोय. तिथं एक बसवून टाक.”

तिनं बसवून टाकला. सगळे मावले. या वेळी बाळासोनं मापं सांगितली नाहीत. आपला मोबाइलच रूपालीच्या हातात दिला आणि लांब जाऊन उभा राहिला. माल घाट उतरून गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला. सगळे ब्रॅकेट बसले, पास. पुढचं कामही इथंच.

बाळासो मालक रूपालीजवळ आला. त्याला गोड बोलायची सवय नव्हती. “तुझा डबा ठेवायचं कपाट हाय न्हवं,” तो म्हणाला, “त्येच्यावर नाव रंगवून घे. खडूनं लिवू नगं. रंगानं.” रूपालीला कळलं. तिनं मान खाली घातली, कारण डोळे दाखवायचे नव्हते.

जाता जाता बाळासो थांबला. “रूपाली, एक सांगू? आबांना चष्मा कधी लागलाच न्हाय. जाईपर्यंत रंकाळा तळ्याच्या ह्या कडंवरनं त्या कडंची म्हस कुणाची ते सांगायचं.”

“मग चाचा...”

“पत्र्यामागं बसला हुता. तुझं-माझं सगळं ऐकलं त्येनं. रातभर बसून गोष्टीत थोरल्या मालकांचं डोळं घालवलं असणार!” बाळासो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. “आन् स्वतःचा मानबी घालवला की.”

दुसऱ्या सकाळी एका ट्रॉलीच्या पट्टीचं काम आलं. जाड पट्टी, वाकडी, कलेक्टरणीच्या पोटात न मावणारी. ते काम चाचाचं. बाळासो टेप घेऊन उभा राहिला आणि घुटमळला. “चाचा, माप कसं सांगू?”

“तोंडानं सांग.”

“न्हाय, म्हंजे... खरं का आपलं न्हेमीचं?”

सगळ्यांचे कान तिकडं होते. चाचानं चष्मा कपाळावर चढवला. “खरं सांग. आता तुझ्या बापाचा मान राखायचं कारण न्हाय.”

बाळासोनं खरं माप सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, एकेक आकडा चाचपून. चाचानं गुण्या लावला, खडूची रेघ मारली, पंचाचे ठिपके दिले. टॉर्च पेटवला. रूपाली काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन उभी राहिली. निळी ज्योत रेघेवर आली. क्षणभर रेघेवर राहिली. आणि मग, हाताला जसं कोणी आतून ओढावं, तशी ती रेघेच्या बाहेर सरकली. एक सूत. चाचाला दिसत होतं. साऱ्या शेडला दिसत होतं. पण इतक्या वर्षांचा हात तो. त्याला पत्र्यामागं ऐकलेलं काही माहीत नव्हतं.

पट्टी जागेवर नेली. बसली नाही. कडेनं सूतभर पुढं आली.

ज्ञानूनं क्रेनची चावी उगाच काढून पुन्हा घातली. एक वेल्डर पुढं झाला. “द्या चाचा, मी मारतो की ग्रँडर.”

“हात लावू नगंस!” चाचा म्हणाला. “दस्तगीरचं लोखंड हाय त्ये.” त्यानं स्वतः ग्रँडर आणला. वायर लांबवली, पान घट्ट केलं. त्याला ते नीट धरताही येत नव्हतं. आयुष्यभर ज्याला हात लावायची वेळ आली नाही, ते हत्यार बोटांना परकं वाटणारच. रूपाली जवळ गेली आणि त्याच्या हातातला ग्रँडर जरा तिरका करून दिला. चाचानं तो तसाच धरला. ठिणग्यांचा पिसारा उडाला. चाचा घासत राहिला, बोट फिरवून बघत राहिला, पुन्हा घासत राहिला. पट्टी बसली तेव्हा दुपार उतरली होती.

“बसली,” बाळासो म्हणाला.

“बसणारच की,” चाचा म्हणाला. “शिकलगाराची जात हाय माझी. आमच्या पणज्यानं तीनशे तलवारी घासल्या.”

“परवा दोनशे हुत्या, चाचा,” रूपाली म्हणाली.

“शंभर तुला द्याय ठेवल्या हुत्या. तूबी कापायच्याच धंद्यातली की.” त्यानं सदऱ्यावरची लोखंडाची पूड झटकली, टोपी नीट केली आणि वायर काढून ग्रँडर तिच्या हातात दिला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कोणाला न सांगता, पाळी सुटायच्या आधीच, गेटाकडं चालायला लागला. नेहमीसारखा झपाझप नव्हे, सावकाश, छाती पुढं काढून, वरातीत घोड्यापुढं चालावं तसा. पहारेकऱ्यानं सलाम केला, त्यानं घेतला. टपरीवाल्यानं “च्या घ्या चाचा” म्हटलं, त्यानं हातानंच नको सांगितलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. त्यातल्या एकीच्या चेसीवर त्यानं जाता जाता थाप मारली आणि ट्रॉल्यांमधून वाट काढत पलीकडं गेला.

ऑफिसच्या दारात बाळासो उभा राहून बघत होता. वर केबिनमध्ये ज्ञानू उठून उभा राहिला होता, वरून त्याला जरा लांबपर्यंत दिसत होतं. आणि रूपाली गेटापर्यंत चालत आली होती, हातात अजून गरम असलेला ग्रँडर घेऊन. शेवटच्या ट्रॉलीआड टोपी दिसेनाशी झाली तरी ती तिथंच उभी होती.